नॉरॲडची धार तुटू देऊ नका : कोकणातल्या छोट्या आयसीयूत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

शॉकमध्ये गेलेल्या पेशंटचं ब्लड प्रेशर वर ठेवायला आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलं औषध लागतं ते नॉरॲड्रेनॅलिन, वॉर्डातल्या बोलीत ‘नॉरॲड’. रक्तात त्याचा अर्धा अंश संपायला जेमतेम दोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणून औषध ढकलणारा सिरिंज पंप थांबला की प्रेशर काही मिनिटांत कोसळतं, आणि नळीतलं औषध चुकून एकदम आत गेलं तर ते तितक्याच झटक्यात २०० वर जातं. या औषधाचे बहुतेक अपघात ‘कोणतं औषध द्यायचं’ यात होत नाहीत. ते धारेत होतात: धार तुटते, अडते किंवा उसळते. धार सारखी कशी ठेवायची, हेच या लेखात सविस्तर दिलं आहे.

औषध सुरू करायचं की नाही आणि किती द्यायचं, हे डॉक्टर ठरवतात आणि ते लेखी लागतं. तुमच्या युनिटचा लेखी प्रोटोकॉल असेल तर त्यातला डोस आणि त्यातलं डायल्यूशन (औषध किती द्रवात मिसळायचं ते) पाळा. खालचे आकडे समज पक्की व्हावी म्हणून आहेत.

सुरू करण्याआधी

प्रेशर कमी दिसलं की हात लगेच नॉरॲडच्या ॲम्प्यूलकडे जातो. एक मिनिट थांबून, प्रेशर का पडलंय ते पाहा. रक्तस्राव होतोय का? छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबलंय का? हृदयाभोवती पाणी साठलंय का? शिरा रिकाम्या असताना नुसतं नॉरॲड वाढवत नेलं तर मॉनिटरवर आकडा सुधारतो, पण किडनी आणि आतडी उपाशी राहतात. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला असताना) पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलि सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट हा सर्वसाधारण अंदाज आहे, म्हणजे ५० किलोच्या माणसाला दीड लिटर. पण प्रेशर फारच खाली असेल तर सगळं सलाइन संपायची वाट बघत बसायचं नाही. दोन्ही एकदम सुरू करायचं.

आपल्या भागात पावसाळ्यात येणाऱ्या पेशंटांचा विचार वेगळा करावा लागतो. भातलावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, लाल डोळे आणि कमी लघवी घेऊन येणारा शेतकरी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. लेप्टोत फुफ्फुसात रक्त उतरतं, म्हणून सलाइन ओतत राहणं धोक्याचं. तिथे नॉरॲड लवकर सुरू करावं लागतं. डेंगीत रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं. तिथे हेमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघत बेताने सलाइन हाच मुख्य उपचार, आणि नॉरॲडने त्याची जागा भरून निघत नाही.

फुरसं किंवा घोणस चावलेल्या पेशंटला सर्पदंशाची लस (अँटी-स्नेक व्हेनम) चालू असताना अचानक प्रेशर पडलं, अंगावर गांधी उठल्या, श्वासात घरघर आली, तर ती लसीची रिॲक्शन. तिथे लस थांबवून मांडीच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन हे पहिलं औषध. प्रौढांचा डोस हा, मुलांना वजनावर. नॉरॲडचा पंप जोडत बसण्यात तिथे मोलाची मिनिटं जातात.

विंचवाचं तर अगदीच वेगळं आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीर स्वतःच्याच ॲड्रेनॅलिन-नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा सोडतं. शिरा आधीच आवळलेल्या असतात, हातपाय गार पडलेले असतात, हृदय थकलेलं असतं. अशा वेळी वरून नॉरॲड दिलं की थकलेल्या हृदयावर आणखी ओझं पडतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून या दंशाचा उपचार बदलून दाखवला, तो आवळलेल्या शिरा सैल करायच्या याच तत्त्वावर. विंचवाच्या पेशंटला प्रेशर कमी आहे आणि फुफ्फुसात पाणी आहे, असं दिसलं तर वरिष्ठांना बोलावल्याशिवाय नॉरॲड लावू नका. तिथे सहसा डोब्युटामिनचा, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा, विचार होतो.

लक्ष्य किती

वरचा आकडा म्हणजे सिस्टॉलिक बघून पंप फिरवायचा नाही. बघायचं ते मीन प्रेशर, आणि बहुतेक प्रौढांत सुरुवातीचं लक्ष्य ६५. मॉनिटर ते दाखवतोच. दाखवत नसेल तर वरच्या आकड्यात खालच्याची दुप्पट मिळवा आणि तिनाने भागा. ८४/४६ म्हणजे ८४ अधिक ९२, १७६. भागिले ३, म्हणजे सुमारे ५९. इथे डोस वाढवायचा. १००/५० म्हणजे जवळपास ६७. इथे हात लावायचा नाही. वरचा आकडा १०० दिसला तरी काही जण आणखी ‘सेफ’ म्हणून डोस चढवत राहतात. त्याचा फायदा काही नाही, आणि बोटं काळी पडण्याचा धोका मात्र वाढतो.

आकड्याबरोबर पेशंटकडेही बघा. गुडघ्यावरच्या कातडीवर जाळीदार निळसर डाग आहेत का? बोटाचं टोक दाबून सोडल्यावर रंग किती सेकंदांत परत येतो? तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाहीये. लघवी तासाला किलोमागे निदान अर्धा मिलि हवी. मीन ६५ आहे पण लघवी नाही आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढतंय, तर डॉक्टरांना सांगा.

औषध बनवणं

पहिली चूक ॲम्प्यूल हातात घेतानाच होते. नॉरॲड आणि ॲड्रेनॅलिनच्या ॲम्प्यूल दिसायला सारख्या असतात. दोन्ही एकाच ट्रेमध्ये कधीही ठेवू नका. नाव मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाला वाचायला लावा.

दुसरी चूक लेबलवरच्या बारीक अक्षरांत लपलेली असते. काही कंपन्या ‘बेस’चं (मूळ औषधाचं) वजन लिहितात, काही ‘बायटारट्रेट’ या क्षाराचं. दोन मिलिग्रॅम बायटारट्रेट म्हणजे एक मिलिग्रॅम बेस. डोसचे सगळे हिशेब बेसवर असतात. तेव्हा दोन मिलिच्या ॲम्प्यूलवर ‘नॉरॲड्रेनॅलिन बेस, प्रति मिलि २ मिलिग्रॅम’ असेल तर त्यात ४ मिलिग्रॅम औषध आहे. तेवढ्याच ॲम्प्यूलवर ‘बायटारट्रेट, प्रति मिलि २ मिलिग्रॅम’ एवढंच असेल तर औषध निम्मं, २ मिलिग्रॅम. स्टोअरने कंपनी बदलली की लेबल नव्याने वाचायचं. कालपर्यंत ०.१ वर (मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट) स्थिर असलेल्या पेशंटला आज अचानक ०.२ लागायला लागलं, तर पेशंट बिघडला असं ठरवण्याआधी नवा बॉक्स तपासा.

५० मिलिच्या सिरिंजसाठी सोपं डायल्यूशन असं: ४ मिलिग्रॅम बेस म्हणजे २ मिलि औषध आणि ४८ मिलि ५ टक्के डेक्स्ट्रोज. एका मिलित ८० मायक्रोग्रॅम. डेक्स्ट्रोज यासाठी की त्यात औषध हवेने लवकर खराब होत नाही. पाण्यासारखं स्वच्छ हवं. गुलाबी किंवा तपकिरी छटा आली असेल तर टाकून द्या. सोडाबायकार्ब या नळीतून कधीच द्यायचं नाही. क्षारधर्मी द्रवात नॉरॲड निकामी होतं. रक्तही या नळीतून चढवायचं नाही.

ॲम्प्यूलचा साठा उजेडापासून आणि उकाड्यापासून जपा. लाइट गेल्यावर मे महिन्यात स्टोअरची खोली किती तापते, ते आपल्याला माहीत आहेच. बॉक्सवर तापमानाची जी मर्यादा छापली आहे, ती दुपारीही पाळली जाते का ते बघा. नॉरॲडच्या जोडीला लागणारं व्हॅसोप्रेसिन काही कंपन्यांचं फ्रिजमध्येच ठेवावं लागतं.

सिरिंजवर लेबल लावताना औषधाचं नाव, एकूण मिलिग्रॅम, एका मिलित किती मायक्रोग्रॅम, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. नळीच्या पेशंटकडच्या टोकालाही नावाची चिठ्ठी लावा. तीन पंप एकावर एक असले की रात्री अडीच वाजता कोणती नळी कोणाची, ते त्या चिठ्ठीवरूनच कळतं.

हिशेब

सूत्र एकच: डोस (मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट) गुणिले वजन गुणिले ६०, भागिले एका मिलितले मायक्रोग्रॅम. उत्तर येतं ताशी मिलि.

६० किलोचा पेशंट, डोस ०.१. मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०. भागिले ८०, म्हणजे ताशी ४.५ मिलि. याच पेशंटला ०.०५ म्हणजे २.२५, ०.२ म्हणजे ९, ०.३ म्हणजे १३.५. ही ओळ पेशंटच्या चार्टवर पहिल्याच तासात लिहून ठेवा, म्हणजे घाईत कॅल्क्युलेटर शोधावा लागत नाही.

वजन एकदाच ठरवा. पलंगावर काटा नसतो, नातेवाईक ‘असतील पन्नास-पंचावन्न’ म्हणतात. जो आकडा धरला तो चार्टवर ठळक लिहा आणि पुढच्या सगळ्या शिफ्टनी तोच वापरायचा. सकाळी ५०, रात्री ६० धरलं तर डोस न बदलता बदलल्यासारखा दिसतो.

फोनवर ऑर्डर घेताना नुसतं ‘नॉरॲड पाच करा’ हे वाक्य मान्य करू नका. पाच काय, मिलि की मायक्रोग्रॅम? परत म्हणून दाखवा: ‘सर, नॉरॲड ०.१ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट, वजन ६०, ४ मिलिग्रॅम पन्नासमध्ये, म्हणजे ताशी साडेचार मिलि. बरोबर?’ रात्रीच्या फोनवर हे वाक्य पूर्ण म्हणायला कोणी लाजू नये.

डोस वाढत गेला की सिरिंज लवकर संपते, म्हणून डबल स्ट्रेंग्थ करतात: ८ मिलिग्रॅम पन्नासमध्ये, एका मिलित १६०. अशा वेळी ताशी मिलि निम्मे करायचे असतात, ९ चे ४.५. हे राहिलं तर पेशंटला दुप्पट औषध जातं. स्ट्रेंग्थ बदलणं शिफ्ट बदलण्याच्या वेळी करू नका.

पंपच नसेल तर? छोट्या रुग्णालयात ही वेळ येते. ४ मिलिग्रॅम बेस ५०० मिलि डेक्स्ट्रोजमध्ये घाला, एका मिलित ८ मायक्रोग्रॅम होतात. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिलि, त्यामुळे मिनिटाचे थेंब आणि ताशी मिलि हा आकडा एकच. ६० किलोला ०.१ म्हणजे ताशी ४५ मिलि, मिनिटाला ४५ थेंब. पण पेशंटने हात वाकवला तरी थेंब बदलतात, म्हणून घड्याळ लावून दर दहा-पंधरा मिनिटांनी मोजत राहावं लागतं. पंप मिळेपर्यंतची ही सोय आहे.

कुठून द्यायचं

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत खोलवर घातलेली नळी) सगळ्यात बरी. पण ती घालायला तासभर लागणार असेल तर तोवर प्रेशर ५० वर सोडायचं नाही. चांगल्या पेरिफेरल (हाताच्या शिरेतल्या) लाइनमधून सुरू करता येतं. चांगली म्हणजे हिरवं (१८) किंवा निदान गुलाबी (२०) व्हेनफ्लॉन, कोपराच्या खोलगटीत किंवा तिच्या वर, रक्त सहज मागे येणारं, आणि ढकललेलं सलाइन विनासायास जाणारं. हाताची पाठ, मनगट, पाय नको. आधीच्या रुग्णालयात टोचून टोचून फुगवलेली शीर नको. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, कारण पट्टा फुगला की धार अडते आणि सुटला की उसळते. आणखी एक व्हेनफ्लॉन दुसऱ्या हातात आधीच घालून ठेवा. काही तासांसाठी ही वाट ठीक. डोस वाढत चालला किंवा सहा तासांपुढे जाणार असं दिसलं, की सेंट्रल लाइनची तयारी करा.

घोणस किंवा फुरशाच्या दंशात रक्त गोठत नसतं. अशा पेशंटच्या गळपट्टीच्या हाडाखाली सुई घालणं धोक्याचं, कारण तिथे बाहेरून दाबून रक्त थांबवता येत नाही. कुठून लाइन घालायची हे वरिष्ठच ठरवतील. तुम्ही त्यांना वीस मिनिटांच्या क्लॉटिंग टेस्टचा निकाल आधी सांगा.

सेंट्रल लाइनचं एक लुमेन (नळीतली स्वतंत्र वाट) नॉरॲडसाठी राखीव ठेवा. त्यातून अँटिबायोटिक नाही, फ्लश (नळी धुवायला ढकललेलं सलाइन) नाही, सीव्हीपी (मोठ्या शिरेतलं प्रेशर) मोजणं नाही. का, ते आकड्यात बघा. लुमेनमध्ये साधारण ०.४ मिलि मावतं, म्हणजे ३२ मायक्रोग्रॅम नॉरॲड. ताशी ४.५ मिलिवरच्या पेशंटला मिनिटाला ६ जात असतात. कोणी त्यातून ५ मिलि फ्लश मारला तर पाच मिनिटांचं औषध दोन सेकंदांत हृदयात पोचतं. थ्री-वेच्या (तीन वाटांच्या तोटीच्या) अलीकडची नळीही त्यात आली तर आणखी जास्त. त्या लुमेनवर लाल चिकटपट्टी लावा आणि ‘फ्लश नको’ असं लिहा.

याच ०.४ मिलिमुळे उलटी अडचण सुरुवातीला येते. नवं लुमेन सलाइनने भरलेलं असतं. ताशी २.२५ मिलि वेगाने ते सलाइन पुढे सरकून नॉरॲड शिरेत पोचायलाच दहा मिनिटं जातात. प्रेशर हलत नाही म्हणून माणूस घाबरून डोस दुप्पट, मग तिप्पट करतो, आणि अकराव्या मिनिटाला सगळं एकदम पोचतं. म्हणून पंपाची नळी पूर्ण टोकापर्यंत औषधाने भरून घ्या, टोकाला थेंब दिसू द्या, मग जोडा. लुमेन भरण्यापुरता वेग तात्पुरता वाढवायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच, आणि तोवर पलंगापासून हलायचं नाही.

पंप लावणं

सिरिंज लुअर-लॉकचीच घ्या, फिरवून घट्ट बसणारी. साधी सिरिंज दाब वाढला की निसटते. पंपाच्या मेनूत सिरिंजची कंपनी निवडावी लागते, ती हातातल्या सिरिंजशी जुळली पाहिजे. ‘५० मिलि’ म्हटलं तरी प्रत्येक कंपनीच्या नळकांड्याची जाडी वेगळी. मेनूत एक आणि हातात दुसरी असेल तर पडद्यावर ४.५ दिसतं आणि जातं भलतंच.

सिरिंज खोबणीत बसवल्यावर दट्ट्या आणि पंपाचा ढकलणारा हात यांच्यात केसभर फट राहते. कमी वेगावर ती भरून निघायला कित्येक मिनिटं जातात, आणि तोवर धार शून्य. म्हणून पेशंटला जोडण्याआधी पंपाचंच ‘पर्ज’ बटण दाबून फट मोडा आणि नळीच्या टोकातून थेंब निघू द्या. पेशंटला नळी जोडलेली असताना पर्ज कधीच दाबायचं नाही.

पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला हवा. पंप उंच उचलला की औषध थोडं जास्त जातं, खाली ठेवला की थोडं मागे येतं. ताशी दोन-तीन मिलिवर ‘थोडं’ म्हणजे बरंच.

‘ऑक्लुजन’चा, म्हणजे धार अडल्याचा, अलार्म वाजला की सगळ्यात आधी हात क्लॅम्पकडे जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. नळी मुडपलेली असताना पंप ढकलतच असतो, त्यामुळे नळीत दाब साचतो. क्लॅम्प नुसता उघडला तर तो साचलेला भाग एकदम आत शिरतो. आधी थ्री-वे पेशंटच्या बाजूने बंद करा, साचलेला दाब बाहेर काढा, मुडपलेली जागा सोडवा, मग थ्री-वे उघडून पंप पुन्हा सुरू करा. सगळं एका मिनिटाच्या आत.

सिरिंज बदलणं

नॉरॲडच्या पेशंटचं प्रेशर सर्वांत जास्त वेळा कोसळतं ते इथे. संपलेली सिरिंज काढून दुसरी बसवेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, त्यात नव्या सिरिंजची फट. तेवढ्यात मीन ६८ वरून ४० वर आलेलं असतं.

वेळेचा हिशेब सिरिंज लावतानाच करा. ताशी ९ मिलि म्हणजे ५० मिलि साडेपाच तास. संपायच्या अर्धा तास आधी दुसरी सिरिंज तयार, लेबल लावलेली, दोघांनी तपासलेली. शक्य असेल तर दुसऱ्या पंपावर लावा, त्याच वेगाने चालू करा आणि थेंब बाहेर पडू द्या. थेंब नियमित येऊ लागले की नवी नळी थ्री-वेला जोडा आणि उघडा. आता काही क्षण दोन्ही चालू. मॉनिटरवर नजर ठेवा. मीन पाच-दहाने वर सरकू लागलं की जुना पंप बंद करून थ्री-वेची ती बाजू फिरवा. आकडा वर सरकायच्या आधी जुना पंप बंद केलात तर फट पडते, उशीर केलात तर प्रेशर उसळतं. हे काम दोघांचं आहे: एकाचा हात थ्री-वेवर, दुसऱ्याची नजर मॉनिटरवर. त्या पाच मिनिटांत दुसरं कोणी हाक मारली तरी जायचं नाही.

दुसरा पंप नसेल तर नवी सिरिंज पंपाशेजारी पूर्ण तयार ठेवा, हवा काढून. जुनी पूर्ण रिकामी व्हायची वाट न बघता बदल करा, नळी पेशंटकडून बंद करून पर्जने फट मोडा, आणि लगेच उघडा.

नजर कुठे ठेवायची

सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर प्रेशर दर दोन-तीन मिनिटांनी, स्थिर झाल्यावर दर पंधरा मिनिटांनी. डोस ०.०२ ते ०.०५ च्या पायऱ्यांनी वाढवा आणि प्रत्येक पायरीनंतर पाच मिनिटं थांबा.

डोस वाढत चालला असेल तर आर्टेरियल लाइन (धमनीतली, प्रेशर सतत दाखवणारी नळी) हवी. तिचा ट्रान्सड्युसर (प्रेशर मोजणारा भाग) काखेच्या मध्यरेषेवर, चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीला. तो १० सेंटिमीटर खाली घसरला तर प्रेशर साडेसातने जास्त दिसतं. मॉनिटरवर ६७, खरं ५९ किंवा ६०. पलंगाचं डोकं वर-खाली केलं की दर वेळी पातळी तपासा.

पेरिफेरल लाइनची जागा दर तासाला उघडून बघा. ड्रेसिंगवरून नुसती नजर टाकून भागत नाही. शुद्धीवरचा पेशंट स्वतःच सांगेल, ‘गो बाय, हात चुरचुरता’. ते मनावर घ्या. व्हेंटिलेटरवरचा सांगू शकत नाही. आधी शिरेच्या मार्गावर पांढुरकी रेघ दिसते, हात लावला तर कातडी गार लागते, आणि आजूबाजूला टणक सूज येऊ लागते. औषध शिरेबाहेर गेलं की कातडीचं रक्त तुटतं आणि ती काळी पडू शकते.

असं दिसलं तर क्रम हा: आधी दुसऱ्या हातातल्या तयार लाइनमधून नॉरॲड सुरू करा, म्हणजे प्रेशर पडणार नाही. लगेच जुन्या जागेचा पंप बंद. व्हेनफ्लॉन काढू नका, त्यातूनच सिरिंजने जेवढं मागे येईल तेवढं खेचून घ्या. फ्लश अजिबात नको. डॉक्टरांना बोलवा. फेंटोलामिन (आवळलेल्या शिरा सैल करणारं औषध) मिळत असेल तर ५ ते १० मिलिग्रॅम १० मिलि सलाइनमध्ये मिसळून बारीक सुईने पांढऱ्या भागाभोवती टोचतात. बारा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. ते नसेल तर टर्ब्युटालिन किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम वापरतात. हात उंच ठेवा. शेक कोमट द्यायचा, बर्फ नाही. बर्फाने शिरा आणखी आवळतात. जागेभोवती पेनाने रेघ काढून वेळ लिहा, म्हणजे पुढच्या शिफ्टला वाढलं की कमी झालं ते कळेल.

एका औषधाने भागत नाही तेव्हा

डोस ०.२५ च्या पुढे गेला की डॉक्टर बहुधा व्हॅसोप्रेसिन जोडतात. त्याचा वेग वर-खाली करत बसायचं नसतं: मिनिटाला ०.०३ युनिट, ठरलेला. २० युनिट ५० मिलि सलाइनमध्ये घातले तर ताशी ४.५ मिलि. सेप्टिक शॉकमध्ये याच टप्प्यावर हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅमचाही विचार होतो. डोपामिन अजून काही ठिकाणी सवयीने पहिलं लावतात. त्याने हृदयाचे ठोके बिघडायचं प्रमाण जास्त, म्हणून ते पहिलं औषध राहिलेलं नाही.

कमी करताना पायऱ्या त्याच, ०.०२ ते ०.०५, पण दोन पायऱ्यांत पंधरा ते तीस मिनिटं द्या. ‘प्रेशर छान आहे’ म्हणून पंप एकदम बंद करणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक. छान आहे ते पंपामुळेच.

लाइट जाणं आणि घाट

जून ते सप्टेंबर लाइटवर भरवसा ठेवता येत नाही. जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटं पंपाच्या बॅटरीवर निघतात, आणि बॅटरी फुल दाखवत असली तरी जुनी असेल तर पाच मिनिटांत मान टाकते. महिन्यातून एकदा, पेशंटला न लावलेला पंप चार्ज करून, प्लग काढून, सिरिंज लावून चालू ठेवा आणि किती वेळ टिकतो ते पंपावरच चिठ्ठीने लिहून ठेवा. दमट, खारट हवेत प्लगच्या पिनांवर आणि सिरिंजच्या खोबणीत मळ-गंज धरतो. त्या कोरड्या कापडाने पुसत राहा.

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळी: पेशंट हलवायचा तर आधी त्याला स्थिर करा. अस्थिर पेशंटचा डोस घाटात चढवणं अवघड, कारण खड्ड्यांत पट्ट्याचं प्रेशर भरवशाचं येत नाही. आर्टेरियल लाइन असेल तर ती ठेवूनच न्या. नसेल तर हाताला नाडी लागते का, हे थोड्या थोड्या वेळाने बघत राहा.

औषध किती न्यायचं? प्रवासाचे तास गुणिले ताशी मिलि, आणि त्याच्या दुप्पट. तीन तासांचा रस्ता दरड कोसळली तर सहा तासांचा होतो. ताशी ९ मिलिवर सहा तासांचे ५४ मिलि, दुप्पट म्हणजे १०८: तीन सिरिंज, आधीच भरलेल्या, लेबल लावलेल्या. वर दोन न फोडलेल्या ॲम्प्यूल, डेक्स्ट्रोजची बाटली आणि मायक्रोड्रिप सेट, पंप बंद पडलाच तर. १०८ नंबरच्या ॲम्ब्युलन्सला फोन करताना ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची गाडी मागा आणि सिरिंज पंप आहे का, तो चार्ज आहे का, ते विचारून घ्या. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून ‘मीन ६० च्या खाली गेलं तर किती वाढवायचं, कुठवर वाढवायचं’ हे निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.

पंप स्ट्रेचरला, पेशंटच्या छातीच्या पातळीला बांधा. छताच्या हुकाला लटकवू नका. नळी स्ट्रेचरच्या कडेत अडकत नाही ना, हे गाडीत चढवताना आणि उतरवताना बघा. नळी उपटली जाते ती याच दोन वेळी.

पोचल्यावर तिथल्या सिस्टरला किंवा ब्रदरला सांगायचं ते असं: औषधाचं नाव, बेसचे मिलिग्रॅम, किती मिलित, ताशी किती, धरलेलं वजन, कोणत्या लाइनमधून, सिरिंज किती वाजता लावली. त्यांचं डायल्यूशन तुमच्यापेक्षा वेगळं असेल, त्यामुळे ताशी मिलि सांगून भागणार नाही; डोस मायक्रोग्रॅममध्ये सांगा. त्यांचा पंप जोडला जाऊन त्यातून धार सुरू झाली आणि मॉनिटरवर मीन हललं, की मगच तुमचा पंप बंद करा.